यंत्रातून येणारे ‘आत्म्यांचे आवाज’ : विज्ञान काय सांगते, श्रद्धा काय शिकविते?

नोव्हेंबर महिना हा ख्रिस्तसभेत मृत भाविकांच्या स्मरणाचा महिना होय. २ नोव्हेंबर रोजी आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करून त्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि धर्मगुरूंसमवेत आपल्या दिवंगत प्रियजनांसाठी प्रार्थना करतो. या दिवसांत मृत्यू, आत्मा व परलोक यांविषयीचे अनेक प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्यांपैकी एक प्रश्न अलीकडे, विशेषतः तरुणांकडून, वारंवार विचारला जातो : मृतांचे आवाज यंत्रावर ध्वनिमुद्रित करता येतात काय?

या प्रश्नामागे एक विशिष्ट प्रयोग आहे. रिकाम्या खोलीत किंवा निर्जन स्थळी ध्वनिमुद्रण यंत्र चालू ठेवावयाचे, ‘येथे कोणी आहे काय?’ असे प्रश्न मोठ्याने विचारावयाचे, प्रत्येक प्रश्नानंतर थोडा वेळ शांत राहावयाचे आणि नंतर ते मुद्रण पुन्हा पुन्हा ऐकावयाचे. त्या खरखरीत कोठेतरी एखादे नाव, एखादे ‘हो’ वा ‘नाही’ ऐकू येते आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. या प्रकाराला ‘इलेक्ट्रॉनिक व्हॉइस फेनॉमेनन’ अथवा ‘ईव्हीपी’ असे म्हणतात. पूर्वी त्यासाठी टेपरेकॉर्डर लागत असे. आता मोबाईलवरील एखादे ॲप पुरते. त्यामुळे हा विषय थेट आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे. म्हणूनच तो भीतीने टाळण्यापेक्षा किंवा हसण्यावारी नेण्यापेक्षा नीट समजून घेणे हिताचे आहे.

पक्ष्यांच्या गाण्यातून सुरू झालेला प्रवास

ध्वनिमुद्रणाचे तंत्र जन्माला आल्यानंतर थोड्याच काळात मृतांशी संपर्क साधण्याच्या इच्छेने त्याचा हात धरला. फोनोग्राफचे जनक थॉमस एडिसन यांनी १९२० साली मुलाखतींतून असे सूचित केले होते की, मृत्यूनंतर व्यक्तिमत्त्व टिकून राहत असेल, तर त्याची चाहूल घेऊ शकेल असे अतिसंवेदनशील यंत्र घडविण्याचा आपण प्रयत्न करीत आहोत. असे कोणतेही यंत्र मात्र त्यांच्या पश्चात सापडले नाही.

या विषयाचा खरा गाजावाजा झाला तो स्वीडनमध्ये. फ्रीडरिख युर्गेन्सन हे चित्रकार व चित्रपटनिर्माते १९५९ च्या उन्हाळ्यात आपल्या ग्रामीण घराजवळ पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करीत होते. ती फीत ऐकताना त्यांना पक्ष्यांच्या आवाजासोबत माणसाचा आवाज ऐकू आला. पुढे त्यांना आपली दिवंगत आईच आपल्याला हाक मारीत असल्याचे जाणवले. १९६४ साली त्यांनी या अनुभवांवर पुस्तक लिहिले. ते वाचून लॅटव्हियन विचारवंत कोन्स्तांतिन राउदिव्ह त्यांच्याकडे आले. राउदिव्ह हे कॅथोलिक होते. त्यांनी पुढील काही वर्षांत हजारो आवाजांचा संग्रह केला आणि १९६८ साली जर्मन भाषेत आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७१ साली त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि हा विषय जगभर पोहोचला. अमेरिकेत फ्रँक सम्प्शन यांनी २००२ च्या सुमारास रेडिओची केंद्रे झपाट्याने बदलत जाणारी पेटी तयार केली. तिला ‘घोस्ट बॉक्स’ म्हणतात. आजची बहुतेक ॲप्स ही तिचीच भावंडे होत.

महाराष्ट्राला या प्रकारची ओळख यंत्राच्या आधीपासून आहे. प्लँचेटच्या पाटीभोवती बसून ‘आत्म्याला’ बोलावण्याचे प्रयोग आपल्याकडील सुशिक्षित घरांतही होत असत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. डी. ऋषी यांनी पत्नीच्या निधनानंतर परलोकविद्येला वाहून घेतले व मुंबईतून तिचा प्रसार केला. युर्गेन्सन यांना आई ऐकू आली, ऋषी यांना पत्नीचा वियोग सहन झाला नाही. या विषयाच्या मुळाशी बहुतेक वेळा कुतूहलापेक्षा दुःखच अधिक असते, ही गोष्ट आपण आरंभीच लक्षात ठेवावी.

पावशा नेमके काय म्हणतो?

युर्गेन्सन पक्ष्यांचे आवाज टिपत होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. कारण पक्ष्याच्या आवाजात मानवी शब्द ऐकण्याचा अनुभव आपणा मराठी माणसांना नवा नाही. मृगाच्या आधी पावशा ओरडू लागला की आपला शेतकरी म्हणतो, ‘पावशा सांगतो आहे, पेरते व्हा, पेरते व्हा!’ हाच पक्षी हिंदी भाषकाला ‘पी कहाँ’ अशी विरहिणीची आर्त हाक देतो. बंगाली माणसाला तो ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळा गेला’, असे म्हणताना ऐकू येतो. इंग्रज अधिकाऱ्यांना त्याच आवाजात ‘ब्रेन फीव्हर’ हे शब्द ऐकू आले व त्यांनी त्या पक्ष्याला तेच नाव देऊन टाकले. पक्षी एक, त्याचा स्वर एक. परंतु प्रत्येकाच्या कानाने आपल्या भाषेतील आणि आपल्या मनातील शब्द त्यात घातले.

यात कोणी खोटे बोलत नाही. मानवी मेंदूची रचनाच अशी आहे की, अस्पष्ट आवाजात तो अर्थ शोधतो. बाजाराच्या गोंगाटात कोणी अर्धवट हाक मारली तरी आपण वळून पाहतो, ते याच देणगीमुळे. १९३६ साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी अर्थहीन, पुसट स्वरांची ध्वनिमुद्रिका लोकांना पुन्हा पुन्हा ऐकविली, तेव्हा श्रोत्यांना तीत शब्द व वाक्ये ऐकू येऊ लागली. १९७० साली रिचर्ड वॉरेन यांनी एका वाक्यातील एक उच्चार काढून तेथे खोकल्याचा आवाज घातला. तरीही श्रोत्यांना तो शब्द अखंड ऐकू आला. गाळलेला उच्चार त्यांच्या मेंदूने आपल्या पदरचा घातला होता.

यात भर पडते ती सूचनेची. ‘आता नीट ऐका, येथे तो “आई” म्हणतो,’ असे आधी सांगितले की ऐकणाऱ्याला ‘आई’च ऐकू येते आणि एकदा ऐकू आल्यावर दुसरे काही ऐकू येईनासे होते. या विषयावरील चित्रफितींत आवाजाबरोबर पडद्यावर अक्षरे दाखविली जातात, याचे मर्म येथे आहे. अक्षरे झाकून त्या फिती ऐकल्या तर बहुधा खरखरीपलीकडे काहीही हाती लागत नाही.

कुडपणच्या दरीतील एक रात्र

आता यंत्राचा विचार करू. त्यासाठी असा प्रयोग करण्याचा मोह व्हावा अशी एक जागा उदाहरणादाखल घेऊ. रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, कुडपण हे गाव आहे. नरवीर तानाजी मालुसरे यांच्यासह सिंहगडावर लढलेल्या शेलारमामांचे गाव म्हणून लोक त्याला ओळखतात. खोल दऱ्या, दाट धुके आणि पावसाळ्यात कड्यांवरून कोसळणारे धबधबे यांमुळे अलीकडे तेथे पर्यटकही येऊ लागले आहेत. समजा, एखाद्या पावसाळी रात्री काही तरुण तेथे कड्याजवळ मोबाईल ठेवून ‘कोणी आहे काय?’ असे विचारू लागले, तर त्या मोबाईलमध्ये काय काय मुद्रित होईल?

पहिली गोष्ट म्हणजे धबधब्याचा आवाज. कोसळत्या पाण्यात उंच व खालच्या अशा असंख्य स्वरांची सरमिसळ असते. मानवी बोलण्यात येणारे स्वरही त्यात असतातच. म्हणूनच ओढ्याकाठी एकट्याने बसले असता दूरवर कोणी बोलत असल्याचा भास अनेकांना होतो. यंत्रात नुसती खरखर भरून ठेवावी तसा हा निसर्गाचाच ‘आवाजांचा साठा’ आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दूरच्या वाडीतील खरीखुरी माणसे. वारा पडलेल्या निरभ्र रात्री थंड हवा दरीच्या तळाशी साचते व तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. अशा वेळी वर जाणारा आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो आणि दिवसा ऐकू न येणारे बोलणे रात्री फार दूरवर ऐकू जाते. कड्यावर आपटून त्याचा प्रतिध्वनीही येतो. त्यामुळे आवाज नेमका कोठून आला हे कळत नाही. शेजारच्या महाड तालुक्यातील रायगड किल्ल्यावर गेलेल्यांना ध्वनीचा असा चमत्कार ठाऊक आहे. नगारखान्याच्या दाराशी केलेला बारीकसा आवाजदेखील सिंहासनाच्या जागी स्पष्ट ऐकू येतो. तेथे भूत नाही, बांधणाऱ्यांची बुद्धी आहे. कुडपणच्या दरीत तेच काम डोंगर करतात.

तिसरी गोष्ट म्हणजे यंत्राचा स्वभाव. शांतता वाढली की अनेक ध्वनिमुद्रण यंत्रे आपली संवेदनक्षमता आपोआप वाढवितात. त्यामुळे कपड्यांची सळसळ, पोटातील गुरगुर, सोबत्याचा सुस्कारा हेदेखील मोठे होऊन मुद्रित होतात. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये नीट न पुसलेल्या फितीवरील आधीचे बोलणे पुसटपणे राहत असे, तसेच गुंडाळलेल्या फितीच्या एका थरावरील ध्वनी दुसऱ्या थरावर उमटत असे. मायक्रोफोनची लांब तार रेडिओच्या एरियलसारखी काम करून एखाद्या केंद्रावरील शब्दही पकडत असे.

मोबाईलचे तर याहून पुढचे आहे. त्यातील अनेक यंत्रणा माणसाचे बोलणे टिपण्यासाठीच घडविलेल्या असतात. दूरध्वनीवरील आवाज कमी जागेत बसविण्यासाठी जी गणिती पद्धत वापरतात, ती आलेला प्रत्येक ध्वनी जणू मानवी कंठातून निघाला आहे असे धरून चालते. तिच्यातून वारा व पाण्याचा आवाज गेला, की तो थोडासा बोलण्यासारखा होऊनच बाहेर पडतो. ‘आत्म्यांशी बोला’ असे सांगणारी काही ॲप्स तर याहीपुढे जातात. त्यांत आधीच मुद्रित करून ठेवलेले शब्द वा अक्षरे असतात आणि ती सहेतुक क्रमाविना वाजविली जातात. रेडिओची केंद्रे बदलणाऱ्या पेटीत निवेदकांचे व गायकांचे तुकडेच ऐकू येतात. मग त्यांत शब्द सापडले, यात नवल ते काय?

तपासणीत काय आढळले?

हे केवळ तर्क नाहीत. इंग्लंडमध्ये डेव्हिड एलिस यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीवर १९७० च्या दशकात राउदिव्ह यांच्या आवाजांचा अभ्यास केला व १९७८ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. परलोकविद्येविषयी त्यांच्या मनात पूर्वग्रह नव्हता; उलट काही सापडावे अशीच अपेक्षा होती. पण एकच आवाज निरनिराळ्या श्रोत्यांना निरनिराळा ऐकू येतो आणि अनेक आवाजांचा उलगडा रेडिओ प्रक्षेपणाने किंवा जवळपासच्या साध्या आवाजांनी होऊ शकतो, असे त्यांना आढळले. राउदिव्ह यांच्या आवाजांतील एकेका वाक्यात अनेक भाषांतील शब्द मिसळलेले असत. स्वतः राउदिव्ह बहुभाषक होते, हे येथे ध्यानात घ्यावे. पावशाची आठवण येथे पुन्हा होते.

कॅनडातील प्राध्यापक इमांट्स बारुश यांनी दोन केंद्रांच्या मधल्या खरखरीवर रेडिओ लावून सुमारे ६० तासांचे मुद्रण केले आणि आपले निष्कर्ष २००१ साली मांडले. त्यांना काही शब्दसदृश आवाज मिळाले. परंतु ज्याला निश्चितपणे असाधारण म्हणता येईल असे काहीही मिळाले नाही.

ज्यांना अद्याप शंका असेल त्यांनी कोणालाही न बोलाविता एक साधी पडताळणी करून पाहावी. कोणी ‘आवाज’ म्हणून पाठविलेली फीत, त्यात काय म्हटले आहे हे मुळीच न सांगता, तीन-चार व्यक्तींना वेगवेगळे बसवून ऐकवावी व प्रत्येकाने जे ऐकले ते कागदावर लिहावे. नंतर ते कागद शेजारी ठेवून पाहावेत. स्पष्ट मानवी बोलणे असेल तर चौघांचे उत्तर एकच येईल. बहुधा चार कागदांवर चार उत्तरे मिळतात आणि त्यांतच प्रश्नाचे उत्तर दडलेले असते.

‘व्हॅटिकनने मान्यता दिली’ हे खरे काय?

या विषयाचे समर्थक कॅथोलिक वाचकांना हमखास एक गोष्ट सांगतात. १९५२ साली मिलान येथील फादर अगोस्तीनो जेमेल्ली यांना ग्रेगोरियन गायनाचे मुद्रण करताना आपल्या दिवंगत वडिलांचा आवाज ऐकू आला व पोप बारावे पायस यांनी त्यांना धीर दिला, अशी ती कथा आहे. फादर जेमेल्ली हे थोर मानसशास्त्रज्ञ व मिलानच्या कॅथोलिक विद्यापीठाचे संस्थापक होते, हे खरे. युर्गेन्सन यांना १९६९ साली पोप सहावे पॉल यांच्याकडून सन्मान मिळाला, असेही सांगितले जाते. पण त्याचा संबंध त्यांच्या चित्रपटकार्याशी होता. फ्रान्समधील फादर फ्रांस्वा ब्रून यांनी या आवाजांच्या बाजूने १९८८ साली पुस्तक लिहिले, हेही खरे.

परंतु एखाद्या धर्मगुरूचे वैयक्तिक मत म्हणजे ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. खाजगी भेटीत कोणी काय म्हणाले याच्या ऐकीव वृत्तांतावर श्रद्धेचा नियम उभा राहत नाही. ख्रिस्तसभा शिकविते ती पवित्र शास्त्रातून, परंपरेतून व आपल्या अधिकृत शिक्षणातून. त्या शिक्षणात मृतांना बोलावण्याविषयी जे सांगितले आहे, ते पुरेसे स्पष्ट आहे.

पवित्र शास्त्र व ख्रिस्तसभेची शिकवण

अनुवादाच्या पुस्तकातील अठराव्या अध्यायात (१८ : १०-१२) मृतांना प्रश्न विचारणाऱ्या प्रथांना परमेश्वराने आपल्या प्रजेसाठी सक्त मनाई केली आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील शौल राजाची कथा (अध्याय २८) सर्वांना परिचित आहे. पलिष्ट्यांचे सैन्य समोर उभे आहे, परमेश्वराकडून उत्तर येत नाही, शमुवेल संदेष्टा मरण पावला आहे. अशा वेळी घाबरलेला शौल वेष बदलून रात्री एन-दोर येथील स्त्रीकडे जातो व शमुवेलाला वर आणण्यास सांगतो. ज्या प्रथेवर त्याने स्वतःच बंदी घातली होती, तिच्याच दारात तो उभा राहतो. त्याला तेथे दिलासा मिळत नाही; तो जमिनीवर कोसळतो. देवाचे मौन सहन न होणे, हेच शौलाचे दुःख होते आणि तोच त्याचा मोह ठरला. आजही रात्री अकरा वाजता मोबाईलसमोर प्रश्न विचारणाऱ्या शोकाकुल माणसाची अवस्था याहून फार वेगळी नसते.

लूककृत शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य व लाजर यांच्या दाखल्यात (१६ : १९-३१) तो श्रीमंत आपल्या भावांना इशारा देण्यासाठी मृतांमधून कोणाला तरी पाठवावे अशी विनंती करतो. आब्राहाम ती मान्य करीत नाही. जे देवाचे वचन ऐकत नाहीत, त्यांना मृतांतून कोणी उठून आला तरी पटणार नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे. श्रद्धेला पुरावा म्हणून परलोकातून आवाज मागण्याची गरज नाही, हे प्रभू येशूने येथे स्पष्ट केले आहे.

‘कॅथोलिक ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा’ या ग्रंथात क्रमांक २११६ मध्ये मृतांना आवाहन करण्याचा प्रकार इतर भविष्यकथनाच्या प्रकारांसह नाकारला आहे. २४ एप्रिल १९१७ रोजी रोम येथील होली ऑफिसने परलोकविद्येच्या बैठकांना, केवळ प्रेक्षक म्हणूनही, उपस्थित राहण्यास मनाई केली होती. साधन पाटी असो, टेपरेकॉर्डर असो वा मोबाईल असो, कृतीचा हेतू तोच राहतो.

येथे दोन गोष्टी नीट वेगळ्या केल्या पाहिजेत. ध्वनीचा अभ्यास करणे, मेंदू आवाज कसा ऐकतो याचा शोध घेणे यात काहीही पाप नाही. तो देवाने दिलेल्या बुद्धीचा सदुपयोग आहे. वडिलांच्या हयातीत मुद्रित केलेले त्यांचे बोलणे ऐकून डोळे पुसणे हीसुद्धा प्रेमाची कृती आहे. मृतांना आपल्यासमोर हजर होण्याचा हुकूम करणे मात्र निराळे. खरखरीत कोणीही बोलत नसले तरी त्या कृतीने आपण आपला विश्वास देवावरून काढून यंत्रावर ठेवलेला असतो. नवे संगणकीय तंत्र तर आता मृत व्यक्तीच्या जुन्या मुद्रणांवरून तिच्याच आवाजात नवी वाक्ये बोलू शकते. तो आवाज कितीही हुबेहूब वाटला तरी ते बोलणे आपल्या प्रिय व्यक्तीचे नसते, याचे भान राखावे.

मृत व्यक्ती कधीही प्रकट होऊ शकत नाही, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. संतांची दर्शने तिने पारखून स्वीकारली आहेत. परंतु अशी दर्शने देवाच्या इच्छेने, न मागता दिली जातात. योहानकृत शुभवर्तमानात (अध्याय २०) मरीया माग्दालिया रिकाम्या कबरीपाशी रडत असता प्रभू तिला नावाने हाक मारतो. ती हाक तिने मिळविलेली नव्हती. तिला ती मिळाली. आणि लगेचच तिला धरून न ठेवण्याची आज्ञाही झाली.

निरोप न घेता गेलेले

या विषयाची खरी बाजू आता येते. कुडपणच्या परिसरातील डोंगर-नद्यांनी अलीकडच्या वर्षांत फार दुःख पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला व दोन एस.टी. बसगाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. काहींचे मृतदेह कित्येक किलोमीटर दूर सापडले, काहींचे सापडलेच नाहीत. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. शोधकार्य थांबविल्यावर मातीखाली राहिलेल्यांना मृत घोषित करावे लागले. ही कुटुंबे बहुतांश आपल्या हिंदू बांधवांची आहेत. पण आईचा हंबरडा सर्वत्र सारखाच असतो.

ज्याला निरोप देता आला नाही, ज्याचे मुखदर्शन झाले नाही, त्याचा आवाज एकदा तरी ऐकावा असे कोणाला वाटणार नाही? अशा माणसाला ‘हा सारा मूर्खपणा आहे’ असे म्हणणे हे ख्रिस्ती प्रीतीला शोभत नाही. वेल्समधील डॉक्टर डेवी रीस यांनी १९७१ साली २९३ विधवा व विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील जवळजवळ निम्म्या व्यक्तींना आपला दिवंगत जोडीदार जवळ असल्याचा कोणता ना कोणता अनुभव आला होता. काहींना आवाजही ऐकू आला होता. बहुतेकांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. स्वयंपाकघरात ओळखीची हाक ऐकू येणे हा वेडेपणा नाही आणि भूतबाधाही नाही. ते प्रेम अजून शरीरात वास करीत असल्याचे लक्षण आहे. असा अनुभव आला तर घाबरू नये, लाजू नये, आणि त्याच्या मागे यंत्र घेऊन धावू नये. तो अनुभव प्रार्थनेत देवाला अर्पण करावा.

धोका तेथे आहे, जेथे हा शोक रोजच्या प्रयोगात अडकतो. आज अर्धा शब्द मिळाला, उद्या पूर्ण मिळेल, या आशेने रात्रीमागून रात्र जाते. झोप जाते, घरातील जिवंत माणसे दुरावतात. ऐकू येणारे उत्तर आपल्याच मनातून येत असल्यामुळे अपराधभाव असेल तर आरोप ऐकू येतात आणि भीती असेल तर धमक्या. शिवाय अशा दुःखाचा बाजार मांडणारेही असतात. ‘तुमच्या मुलाचा आवाज ऐकवितो’ म्हणून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहावे. भूतपिशाचाच्या नावाने लोकांना फसविणे व भीती घालणे यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ सालापासून कायदाही आहे.

ख्रिस्तसभेने दिलेला मार्ग

संत ऑगस्टीनची आई संत मोनिका इ. स. ३८७ मध्ये आपल्या गावापासून दूर, इटलीतील ऑस्टिया बंदरात मरण पावली. आपल्याला पतीच्या शेजारी पुरावे, अशी तिची पूर्वी फार इच्छा होती. अखेरीस मात्र तिने मुलांना सांगितले, की माझे शरीर कोठेही ठेवा, त्याची चिंता करू नका; एवढेच करा, जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझे स्मरण ठेवा. ज्यांच्या प्रियजनांना कबरदेखील लाभली नाही, त्यांच्यासाठी या शब्दांहून मोठा दिलासा कोणता? नदीने नेलेल्याचेही स्थान वेदीपाशी आहे.

शुद्धीस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा फार प्राचीन आहे. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय १२) यहूदा मक्काबी युद्धात पडलेल्यांसाठी अर्पण पाठवितो. ‘संतांच्या समागमावर माझा विश्वास आहे’ असे आपण श्रद्धांगीकारात म्हणतो, त्याचा अर्थच हा की मृत्यूने आपले नाते तुटलेले नाही. मात्र ते नाते ख्रिस्ताच्या द्वारे चालते. आपण त्यांच्यासाठी बोलतो आणि ऐकणारा देव असतो. उत्तर आपल्या यंत्रावर उमटत नाही, म्हणून ते पोहोचले नाही असे नव्हे.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. कोणी अशा प्रयोगात गुंतला असेल, तर त्याला रागावण्याऐवजी प्रथम त्याचे कोण गेले आहे, हे विचारावे. त्याचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे. दिवंगताच्या नावाने मिस्सा अर्पण करावी, घरी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावी, वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याच्या नावे एखाद्या गरजूला जेवण द्यावे. मनात अपराधभाव असेल तर प्रायश्चित्त संस्कार घ्यावा. झोप उडाली असेल, आवाज सतत ऐकू येत असतील किंवा ते काही करण्याची आज्ञा देत असतील, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही. भुताखेतांची भीती घर करून बसली असेल तर भगताकडे न जाता आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना भेटावे. भूत उतरविण्याचा अधिकृत विधी बिशपांच्या खास परवानगीशिवाय करता येत नाही, हेही सर्वांनी जाणून असावे. तरुणांनी दऱ्याखोऱ्यांत रात्रीबेरात्री असे प्रयोग करण्याचे टाळावे; तेथील निसरडे कडे हे कोणत्याही भुतापेक्षा अधिक घातक आहेत.

आपल्या हातातील यंत्र फार तर आपल्याच इच्छेचा प्रतिध्वनी ऐकवू शकते. पावशाच्या हाकेत शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ ऐकू येते, कारण त्याचे मन पेरणीत गुंतलेले असते. आपणही आपल्या मृतांसाठी प्रार्थना व सत्कर्मे पेरीत राहू या. पीक कापण्याचा दिवस प्रभूच्या हाती आहे. त्या दिवशी तोच आपणा सर्वांना, आपल्या प्रियजनांसह, नावाने हाक मारील. तोवर, हे प्रभू, आमच्या सर्व मृत बंधुभगिनींना, विशेषतः ज्यांची कबर कोणालाच ठाऊक नाही त्यांना, चिरशांती दे. आमेन.